एफीचा उतार

एप्रिल लागला की आमच्या गेअरशॅडरातल्या बायका दोरीवरचे कपडे आधी आत घेतात आणि मग विचारतात, आज कुठला तुकडा? लुईस बेटावरचं कुठलंही गाव घ्या, वसंतात माळ जाळायचा म्हणजे जाळायचाच. आमच्या माळावर पाणी, दगड आणि हेदर याखेरीज आहे काय? हेदर हा शब्दसुद्धा पाहुण्यांचा. आम्ही त्याला फ्रूख म्हणतो, आणि त्यातला ख घशातून काढावा लागतो, म्हणून पाहुणे त्या वाटेला जात नाहीत. तर हे गुडघाभर उंचीचं झुडूप जून झालं की मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून एका वर्षी एक पट्टा पेटवायचा, पुढच्या वर्षी शेजारचा. जळालेल्या जागी कोवळे फुटवे येतात, आणि सात-आठ वर्षांत तोच पट्टा ऑगस्टमध्ये असा जांभळा होतो की मधमाश्यांना उसंत मिळत नाही. हे आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं.

सगळ्या माळात एकच उतार असा होता की ज्याला तेहतीस वर्षं कुणी काडी लावली नव्हती. माळ सगळ्या गावाचा, पण त्या उताराला लोक ‘मर्डिनाचं जंगल’ म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फार थोड्यांना होती.

उताराच्या पायथ्याशी दगड-मातीचं एक खोपट आहे. पूर्वी उन्हाळ्यात गावातल्या पोरी गायी घेऊन माळावर राहायला जात, दूध काढत, लोणी घुसळत आणि रात्री खोपटात निजत. निजायला एका बाजूला हेदरचं अंथरूण असे. मुळं खाली, तुरे वर, अशी काडीला काडी लावून दाबून बसवायची. दर उन्हाळ्याला नवं. त्याच्यावर निजलेल्या माणसाला नंतर कुठलीही गादी रुचत नाही असं जुन्या बायका सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. मर्डिना आणि तिची थोरली बहीण एफी त्या खोपटात लहानाच्या मोठ्या झाल्या. शेजारी-शेजारी निजायचं आणि झोप येईपर्यंत गावातल्या एकेकाची नक्कल करायची. पाद्रीबाबांची नक्कल एफी इतकी हुबेहूब करायची की मर्डिनाला तोंडात घोंगडी कोंबावी लागे.

मग एफीने रुअरी नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि त्याला कॅनडात, सास्कॅचवनला, जमीन मिळाली. त्या वसंतात स्टोर्नोवे बंदराच्या धक्क्यावरून बोट भरून माणसं गेली. निघताना एफीने मर्डिनाचे दोन्ही हात धरले आणि ती म्हणाली, “आपल्या उतारावरचं फ्रूख माझ्यासाठी राख. आले की त्याच्याच अंथरुणावर निजायचंय मला.”

मर्डिनाने ते मनावर घेतलं. मर्डिनाचं हेच आहे, ती सगळं मनावर घेते. पुढच्या एप्रिलमध्ये माणसं आग आवरायला पोती भिजवून उताराकडे निघाली तेव्हा ही आधीच जाऊन वाटेत उभी होती. तिचा भाऊ आलस्टर चराईचा कारभारी होता. त्याने बहिणीचं तोंड पाहिलं आणि माणसांना पलीकडच्या पट्ट्याकडे वळवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. नंतर तिला उभंही राहावं लागेना. शेजारच्या गावच्या एव्हनने तिला दोनदा मागणी घातली. दोन्ही वेळा ती म्हणाली, एफी येऊ दे, मग बघू. एव्हन बिचारा बघत राहिला, आणि मग त्याने दुसरीशी लग्न केलं.

तेहतीस वर्षांनी आलस्टर गेला आणि गावाने कारभारी म्हणून त्याच्या मुलाला, टॉर्कलला, निवडलं. टॉर्कल चाळिशीचा, घरच्या मागावर ट्वीडचं लोकरी कापड विणणारा, भांडण दिसलं की रस्ता बदलणारा माणूस. त्याला निवडलं ते त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून. पहिल्याच बैठकीत लोकांनी आत्याचा उतार त्याच्यापुढे ठेवला. जंगलात गोचिड्या माजल्यात, मेंढरं अडकून मरतात, एखाद्या कोरड्या वर्षी कुणाची ठिणगी पडली तर ती आग आवरायची कुणी? सगळं खरं होतं. टॉर्कल म्हणाला, आत्याशी बोलतो.

दुसऱ्या दिवशी तो आत्याकडे गेला. मर्डिनाने चहा ठेवला, ओटची भाकरी आणि घरचं चीज पुढे केलं. टॉर्कलने चिजाची तारीफ केली, गायीची चौकशी केली, छपराकडे बघून ते यंदा टिकेल असं सांगितलं. मर्डिना विणकाम करत बसली होती. ती त्याला मदत करणार नव्हती.

“आत्या, उताराचं बोलायचं होतं,” तो शेवटी म्हणाला.

“बोल की. चहा संपेपर्यंत वेळ आहे तुला.”

“लोक ऐकत नाहीत गं.”

“इतकी वर्षं बरे ऐकत होते.”

“तेव्हा बाबा होते.”

यावर मर्डिनाचे हात थांबले. तिने उठून चुलीत पीटचं, माळावरच्या वाळवलेल्या काळ्या मातीचं, एक ढेकूळ टाकलं.

“एफी येतेय,” ती म्हणाली. “ऑगस्टमध्ये.”

टॉर्कल हे वाक्य कळायला लागल्यापासून ऐकत आला होता. तिकडचा दुष्काळ सरला की एफी येणार होती, लढाईच्या आधी येणार होती, लढाईनंतर येणार होती. त्याने मान हलवली, पण त्याच्या तोंडावरचं सगळं मर्डिनाने वाचलं.

“या वेळी तिकीट काढलंय,” ती म्हणाली. “रुअरी गेल्यापासून एकटी आहे, मुलांनी पाठवायचं ठरवलं. टॉर्कल, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं एक वर्ष दे. तिला त्या अंथरुणावर एकदा निजू दे. मग तुझा माळ आणि तुझी काडी.”

टॉर्कल चहा अर्धा टाकून उठला. पुढच्या बैठकीत त्याने डोळे खाली घालून सांगितलं की यंदा नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं की कारभारी म्हणून सरळ आत्यालाच निवडलं असतं तर तिचा चहा तरी वाचला असता. लोक खूप हसले, आणि टॉर्कलही हसला, कारण दुसरं काय करणार.

जुलैच्या अखेरीस मर्डिना कामाला लागली. आमच्या बेटावर झाडं औषधालाही नाहीत, म्हणून उन्हाळा सरला की खोपटाचं छप्पर उतरवून वासे घरी आणायचे अशी रीत आहे. भिंती तेवढ्या माळावर उघड्या राहतात. आता खोपटात कुणी राहायला जात नाही, पण मर्डिनाचे वासे गोठ्याच्या माळ्यावर नीट रचून ठेवलेले होते. टॉर्कलने ते ट्रॅक्टरवरून रस्ता संपेपर्यंत नेले, पुढे खांद्यावर वाहिले, वर गवताळ मातीचे तुकडे अंथरून छप्पर घातलं. नको नको म्हणत हा मुलगा सगळं करतो. मग तो मागावर परत गेला आणि मर्डिना विळा घेऊन उताराकडे वळली.

इतक्या वर्षांत तिने त्या उतारावर पाऊल ठेवलं नव्हतं. एफीसाठी राखलं आहे, मग आपणही तिथे शिरायचं नाही, असा नियम तिने स्वतःच घातला होता. रविवारी चर्चला जाताना रस्त्यावरून तो दिसे. लांबून काळपट, दाट, भरलेला. तेवढं बघून ती पुढे जाई.

आता ती आत शिरली आणि तिच्या लक्षात आलं. झुडपं चहूबाजूंना फाकून आडवी झाली होती आणि मधे प्रत्येकात पोकळी होती. फांद्या अंगठ्याएवढ्या जाड, वाकड्या, त्यांच्यावर राखाडी दगडफूल चढलेलं. खाली नुसतं शेवाळ. फूल कुठे कुठे, एखाद्या टोकाला, आठवण म्हणून राहिल्यासारखं. तिने विळा लावला तर फांदी कापली न जाता कडकन मोडली आणि आतून भुसा पडला. दुसरी मोडली, तिसरी मोडली. ती वरपर्यंत चढून गेली. सगळीकडे तेच होतं.

हे तिला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? फ्रूख जाळलं नाही तर ते म्हातारं होतं आणि मधून मरतं, हे गेअरशॅडरातलं शेंबडं पोर सांगेल. मर्डिनालाही ते ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या सगळ्या उतारांबद्दल. आपल्या एका उतारापुरतं तिने ते ज्ञान बाजूला काढून ठेवलं होतं. ती तिथेच शेवाळावर बसली आणि मोठ्याने रडली. आमच्या माळावर रडायची ही एक सोय आहे, ऐकायला फक्त मेंढ्या असतात. एफीने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती राखता राखता हिनेच तिचं लाकूड केलं होतं.

शेजारचा पट्टा आलस्टरने सात-आठ वर्षांपूर्वी जाळला होता. तो घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळा झाला होता आणि मधमाश्यांनी नुसता गुणगुणत होता. मर्डिनाने डोळे पुसले, इकडे तिकडे पाहिलं, आणि तिथून कापायला सुरुवात केली. तो पट्टाही तिचाच होता, सगळ्यांचा होता, तरी चोरी केल्यासारखे तिचे हात चालत होते. पाठीवरून भारे वाहून तिने खोपटात अंथरूण घातलं. मुळं खाली, तुरे वर, दाबून दाबून. अंथरूण सुरेख झालं. तेच तिला सोसवेना.

एफी आली ती चांगली गुटगुटीत होऊन, डोक्यावर हिरवी टोपी, केस कुरळे केलेले, कमरेच्या एका बाजूला दुखणं. बोटीवरून उतरली तेव्हा दोघी बहिणी एकमेकींसमोर उभ्या राहून हसतच सुटल्या, आणि ते हसू थांबवायला टॉर्कलला सामान कुठे आहे असं तीनदा विचारावं लागलं. एफीची बोली आमच्यापेक्षा जुनी निघाली. तिकडे बोलायला कुणी नसल्यामुळे ती बरणीत ठेवल्यासारखी जशीच्या तशी राहिली होती. गावातली म्हातारी माणसं तिच्याशी बोलायला आली आणि आपल्या आयांचे शब्द ऐकायला बसून राहिली. आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने नातीचा फोटो सगळ्यांना दाखवला. पुढचे दोन दात पडलेली, नाव हेदर.

“फ्रूखच ठेवणार होते,” एफी म्हणाली, “पण शाळेत हजेरी घेताना मास्तरीण गुदमरली असती.”

त्या मुलीने ते झुडूप कधी पाहिलेलं नव्हतं. एफीने ते हसत सांगितलं आणि फोटो पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवला.

ऊन पडलेला एक दिवस मिळाला तशी मर्डिना तिला खोपटावर घेऊन निघाली. अर्धी वाट ट्रॅक्टरवर, अर्धी टॉर्कलच्या दंडाला धरून. संध्याकाळी घ्यायला येऊ का, असं त्याने विचारलं, तर एफी म्हणाली, “आम्ही राहायला आलोय, तू उद्या ये. आणि येताना खोकत ये.” टॉर्कल लाजून परत गेला. मर्डिना मुद्दामच बोलत होती, हे बघ, ते बघ, तळ्याकडे बघ, म्हणजे एफीची नजर उताराकडे जाणार नाही. एफी वाकून आत शिरली. भिंतीतल्या कोनाड्यांवरून, जिथे दुधाची भांडी असत, तिने हात फिरवला. मग अंथरुणावर बसली, कण्हत आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. सगळं खोपट त्या तुऱ्यांच्या वासाने भरलं होतं.

“आपल्या उतारावरचं?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“हो,” मर्डिना म्हणाली.

एफीने अंगाखालची एक काडी ओढून काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. काडी सरळ झाली.

“मर्डिना, मी सास्कॅचवनला गेले होते गं. चंद्रावर नाही. ही सात-आठ वर्षांची काडी आहे. कुठून आणलीस?”

“पलीकडून.”

“आणि आपला उतार?”

मग मर्डिनाने सांगितलं. सगळंच सांगितलं, वाटेत उभं राहिल्याचं, आलस्टरचं, गावाच्या टोमण्यांचं, विळा लावल्यावर काय झालं त्याचं. एफी कोपरावर उठून बसली आणि ऐकत राहिली.

“मी असं म्हणाले होते?” तिने विचारलं.

मर्डिनाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“म्हणाले असेन,” एफी सावकाश म्हणाली. “आई रडत होती, तू रडत होतीस. बोटीवर चढायला पाय उचलत नव्हता माझा. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोलले असेन. अगं, तू ते धरून बसलीस?”

“तू आलीस की सगळं तसंच असायला हवं असं वाटलं मला.”

“मी तरी तशी आहे का?”

बाहेर एक मेंढी खोकली. दोघींनाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

“तुला सांगते,” एफी म्हणाली. “आमच्याकडे एप्रिलमध्ये शेजारी गव्हाची जुनी धाटं जाळतात. तो धूर आला की मी हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभी राहायचे. रुअरीला म्हणायचे, आज आपला उतार पेटला असेल. मग ऑगस्ट आला की म्हणायचे, आता फुलला असेल. तो चिडवायचा मला. तीन-चार वेळा तरी मी तो उतार जाळून पुन्हा फुलवला असेल, तिथे अंगणात उभं राहून. मुलं लहान होती, पीक जायचं, बोलायला माणूस नसायचं, तेव्हा तेवढंच होतं माझ्याजवळ. आणि तू इथे असून…” ती थांबली. मर्डिनाचं तोंड बघून तिने पुढचं गिळलं आणि तिचा हात हातात घेतला. “एव्हनलाही माझ्याचपायी नाही म्हणालीस?”

“तो आता चर्चबाहेर भेटतो,” मर्डिना म्हणाली. “पावसाचं बोलतो.”

या वेळी मात्र एफी हसली, आणि तिचं बघून मर्डिनाही. हसता हसता एफीने डोळे पुसले.

“आज लावू या काडी,” ती म्हणाली. “मला तो धूर हवाय. फुलं मी कॅलेंडरवर बघते.”

“ऑगस्ट आहे एफी. उभा माळ पेटेल. टॉर्कलला तुरुंगात पाठवशील.”

“मग कधी?”

“एप्रिलमध्ये.” आणि मग मर्डिनाने जे तेहतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. “एप्रिलपर्यंत थांब ना. माझ्याकडे राहा. तुला तिकडे आता कोण आहे?”

 एफी पुन्हा आडवी झाली, छपराच्या वाशांकडे बघत राहिली.

“सगळेच आहेत गं,” ती म्हणाली. “मुलं आहेत, ती दात पडलेली आहे. रुअरी तिथल्या मातीत आहे. मी इथली आहे, पण माझी माणसं तिकडची झाली.”

मर्डिना तिच्या शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने एफीने अगदी हळू आवाजात पाद्रीबाबांची नक्कल सुरू केली. ते बाबा मरून वीस वर्षं झाली होती. मर्डिनाने तोंडात घोंगडी कोंबली, आणि त्या घोंगडीत ती हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात एफी परत गेली. धक्क्यावर दोघी शहाण्यासारख्या वागल्या. ही शेवटची भेट आहे हे दोघींना कळत होतं, म्हणून त्या गरम मोज्यांबद्दल बोलल्या. बोटीची घंटा झाली तेव्हा एफी म्हणाली, “आता काही राखू नकोस. जाळ एकदाचा. आणि वारा पूर्वेचा बघून जाळ, म्हणजे धूर माझ्याकडे येईल.” हे ती चेष्टेत म्हणाली. मर्डिनाने हेही मनावर घेतलं.

त्या एप्रिलमध्ये टॉर्कलच्या नाकी नऊ आले. गाव खूश होतं, जंगल जळणार होतं, पोती भिजवून तयार होती. कोरडा दिवस उजाडला, माणसं जमली, आणि आत्या म्हणाली, वारा दक्षिणेचा आहे. दोन दिवसांनी पुन्हा ऊन पडलं, तर म्हणाली, आज वायव्येचा. कुणीतरी म्हणालंच की ही बाई आधी काडी लावू देत नव्हती, आता तिचा खास वारा आल्याशिवाय लावू देत नाही. मग चार दिवस पाऊस लागला. महिन्याच्या मध्यानंतर पक्षी घरटी करतात, कायद्याने माळ पेटवता येत नाही. त्या मुदतीचा शेवटचा दिवस सोमवार होता.

शनिवारी संध्याकाळी आकाश निवळलं आणि वारा फिरला. रविवारी सकाळी मर्डिनाने दार उघडलं तर पूर्वेचा वारा, कोरडा, खणखणीत, जसा वर्षातून एकदा मिळतो तसा. आणि रविवार देवाचा म्हणून आमच्याकडे त्या दिवशी कुणी अंगणातली बादलीसुद्धा हलवत नाही, माळ पेटवायचं नाव कोण काढेल? अख्खं गाव चर्चमध्ये बसून प्रवचन ऐकत होतं आणि खिडक्यांच्या तावदानांवर तो वारा नुसता आपटत होता. मर्डिनाने त्या दिवशी इतकी मनापासून प्रार्थना केली की नव्या पाद्रीबाबांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिने काय मागितलं ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला बाहेर काढलं असतं.

सोमवारी वारा तिथेच होता. दव वाळेपर्यंत दुपार झाली, मग टॉर्कल माणसं घेऊन निघाला. सगळे उताराच्या कडेने ओली पोती आणि फावडी घेऊन उभे राहिले, आणि त्याने काड्यापेटी आत्याच्या हातात दिली. तिने पहिली काडी लावली तेव्हा वाटलं पेटत नाही. मग ते म्हातारं लाकूड एकदम पेटलं, तडतडत, माणसाच्या आवाजापेक्षा मोठ्याने, आणि ज्वाळा वरपर्यंत गेल्या. तास-दीड तास कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. मर्डिनाही सगळ्यांबरोबर पोतं आपटत होती. तिचा चेहरा काळा झाला, भुवया जळाल्या.

आग विझत आली तेव्हा ती बाजूला येऊन उभी राहिली. धूर दाट पांढरा, जमिनीला धरून पश्चिमेकडे निघाला होता. खोपटावरून, गावावरून, चर्चवरून, आणि पुढे समुद्रावर. बायकांनी दोरीवरचे कपडे आत घेतले होते. टॉर्कल खोकत तिच्याजवळ आला.

“आत्या, किनाऱ्यावरच्या खडकांच्या पलीकडेसुद्धा जाणार नाही हा धूर,” तो हळूच म्हणाला. तो खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा दोष आहे.

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग काही नाही. तू आगीकडे बघ.”

तो गेला. मर्डिना पायवाटेच्या कडेच्या दगडावर बसली आणि धुराकडे बघत राहिली. तिकडे आता सकाळ झाली असेल. एफी उठली असेल, चहा ठेवला असेल. तिचे शेजारी धाटं जाळायला निघाले असतील, आणि वास आल्याबरोबर ती कमरेवर हात ठेवून बाहेर आली असेल. इतकी वर्षं ती त्या अंगणात उभी राहून म्हणत आली होती, आज आपला उतार पेटला असेल. आज ती तसं म्हणाली असेल, तर आज ते खरं होतं.